माझ्या तळाची भोकं

मित्रांनो, तुम्ही मला पहिल्यांदा बघाल तर नाक मुरडाल. म्हणाल, हे काय भांडं झालं? तळाला भोकंच भोकं, एक कोपरा उडालेला, आणि रंग कधीकाळी पांढरा होता हे मुद्दाम सांगावं लागतं. स्वयंपाकघरात मला कुणी ठेवणार नाही, न्हाणीघरात तर नाहीच नाही. तरी जरा थांबा. मी चाऱ्याचा एक जुना ट्रे आहे. माझ्यात मातीचा कण कधी पडला नाही, पण माझ्या अंगावर जितकं हिरवं उगवलं तितकं आमच्या भागातल्या एखाद्या माळावरही उगवलं नसेल.

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकचे दाणे वितळले, साच्यात ओतले, साचा मिटला, उघडला, आणि मी बाहेर आलो. त्याच दिवशी तिथे बादल्या जन्मल्या, टोपल्या जन्मल्या, घमेली जन्मली. मी उपजतच चौकस. अंग गारही झालं नव्हतं तेव्हा मी शेजारच्या बादलीकडे बघितलं, मग स्वतःच्या तळाकडे बघितलं आणि मला आयुष्यातला पहिला प्रश्न पडला. हिच्या तळाला एकही भोक नाही, मग मलाच इतकी का?

बादली जरा तोऱ्यातच होती. "साच्यात काहीतरी चुकलं असेल तुझ्या," ती म्हणाली. "मी पाणी धरते. तू काय धरणार?"

तेवढ्यात माल तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी मला उचललं आणि खिडकीकडे, उजेडासमोर धरलं. माझ्या भोकांतून उन्हाचे बारीक ठिपके त्यांच्या चेहऱ्यावर पडले. "छान," त्या म्हणाल्या, "सगळी मोकळी आहेत." आणि त्यांनी मला चांगल्या मालाच्या ढिगात ठेवलं. म्हणजे भोकं चुकून पडली नव्हती, कुणीतरी मुद्दाम पाडली होती. पण कशासाठी, ते त्या बाईंनी काही सांगितलं नाही.

ट्रकमधून आमचा प्रवास लांबचा झाला. दोरीने बांधलेल्या ढिगात मी सगळ्यांत वर होतो, त्यामुळे मला बघायला भरपूर मिळालं. आधी झाडं दिसायची, मग झुडपं दिसायला लागली, मग नुसते खडक. नदीवरचा पूल आला, पण पुलाखाली नदी नव्हती, वाळू होती आणि वाळूत एक कुत्रं झोपलं होतं. जिथे आम्हाला उतरवलं तिथे तर वाराही कोरडा ठणठणीत. उतरवणारी माणसं म्हणाली, यांच्यात आता चारा उगवणार. मी मनाशी म्हटलं, इथे चारा उगवायचा? या लोकांनी आपली चेष्टा तर चालवलेली नाही ना?

चेष्टा नव्हती. घराच्या मागे एक लांबट हरितगृह बांधलं होतं. कमरेएवढी विटांची भिंत, वर हिरवी जाळी, आत लोखंडी नळ्यांचे रॅक, आणि छताला पाण्याचे बारीक फवारे. घरात त्याला कुणी हरितगृह म्हणत नसे, सगळे 'हिरवी खोली' म्हणत. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असायचं आणि आत आल्यावर झाडाखाली आल्यासारखं वाटायचं. खोलीची एक भिंत मात्र छतापर्यंत पक्की होती. त्या भिंतीपलीकडे काय आहे ते मला दिसत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिने मला पुढे फार छळलं.

या खोलीच्या मालकीण म्हणजे काकू. गल्लीत लहानथोर सगळेच त्यांना काकू म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. त्यांचं काम बघत राहावं असं होतं. मक्याचे दाणे आधी रात्रभर भिजत घालायचे, मग ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे. त्यांना पांढरे कोंब फुटले की ते आमच्या अंगावर पसरायचे. काकू तळहाताने दाणे असे सारखे करायच्या की जणू पाहुण्यांसाठी चादर अंथरताहेत. थर जाड झाला की त्या स्वतःलाच रागवायच्या. मग फवारे थोडं थोडं पाणी द्यायचे. दाणे हवं तेवढं पिऊन घ्यायचे आणि उरलेलं पाणी माझ्या भोकांतून खाली गळून जायचं.

मग सुरू व्हायच्या गुदगुल्या. मुळं बाहेर यायची, माझ्या तळावर सरपटायची, एकमेकांच्या गळ्यात गळा घालायची. आठवडाभरात त्यांची अशी घट्ट वीण तयार व्हायची की काकू सगळा चारा सतरंजीसारखा उचलून गुंडाळायच्या. वर हिरवीगार पाती, खाली पांढरी मुळं, मधे दाणे. मातीत हाच चारा वाढवायचा तर एखादी विहीर संपली असती. इथे काही बादल्यांत भागायचं. मला माझाच हेवा वाटायचा.

पण मित्रांनो, मला एकच गोष्ट सतावायची. चारा गुंडाळून झाला की काकू तो खांद्यावर टाकून दाराबाहेर जायच्या, आणि मग त्या पक्क्या भिंतीपलीकडून आवाज यायचा. आधी एक मोठा उसासा, मग करकर, करकर, करकर. शेवटी समाधानाचा असा एक हुंकार यायचा की माझा तळ थरथरायचा. कोण होतं तिथे? मी वाढवलेलं सगळं कुणाच्या पोटात जात होतं? इतर ट्रेंना याचं काही नव्हतं. ते पुढच्या दाण्यांची वाट बघत पडून राहायचे. मी मात्र कान टवकारून असायचो.

एवढं कळलं होतं की तिचं नाव शहाणी. ती गाय होती, म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. काकूंनी तिला लहानपणी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. जे खायचं नाही ते ती हुंगून बाजूला सारायची, म्हणून नाव शहाणी. आता ती गाभण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. आणि ही हिरवी खोली काकूंनी उभारली ती तिच्यासाठीच. दर उन्हाळ्यात आमच्या भागातला चारा संपला की जनावरं ट्रकमध्ये चढवून लांब, जिथे गवत असेल तिथे पाठवली जायची. शहाणीची आई अशीच एका उन्हाळ्यात गेली. वाटेत ती जी खाली बसली ती पुन्हा उठली नाही. काकू ही गोष्ट कुणाला सांगायच्या नाहीत, पण आमच्यावर दाणे पसरताना एकट्याच पुटपुटायच्या, "हिला नाही जाऊ देणार. हिला इथेच ठेवणार." आम्ही ट्रे काय बोलणार? आम्ही ऐकून घ्यायचो.

हिरव्या खोलीत आणखी एक माणूस रोज यायचं. ते म्हणजे काकूंचे सासरे. काकू त्यांना बाबा म्हणायच्या, आणि गल्लीतली पोरं त्यांच्या पाठीमागे थेंबेआजोबा. त्याचं कारण असं की आजोबांच्या नजरेतून पाण्याचा थेंब सुटायचा नाही. कुणी नळ नीट बंद केला नाही तर ते जेवणाच्या पानावरून उठायचे. तोंड धुतलेलं पाणी कुंडीत, भाजी धुतलेलं पाणी झाडात, आणि ग्लासात घोटभर उरलं तर तो घोट ते स्वतः पिऊन टाकायचे, मग तहान असो वा नसो. लहानपणी त्यांनी पाण्यासाठी इतकी पायपीट केली होती की म्हातारपणी गुडघे दुखले तरी ते पाण्यालाच बोल लावायचे.

दुपारी बाहेर ऊन रणरणायला लागलं की बाबा स्टूल घेऊन हिरव्या खोलीत येऊन बसायचे. गारवा त्यांना आवडायचा, पण तिथे त्यांचा जीव रमायचा नाही. कारण आम्ही. आमच्या तळातून पाणी गळायचं, टप् करून जमिनीवर पडायचं, तिथून उताराने मोरीत आणि मोरीतून बाहेर. प्रत्येक थेंबाला बाबा म्हणायचे, "गेलं."

टप्. "गेलं." टप्. "गेलं."

"अहो बाबा, ते जायलाच हवं," काकू हसून म्हणायच्या. "मुळांना हवा लागते."

"हवा फुकट आहे. पाणी फुकट आहे का?"

यावर काकू नुसत्या हसायच्या. मलाही गंमत वाटायची. ते माझ्या भोकांकडे असे बघायचे जसं एखाद्याच्या फाटक्या खिशाकडे बघावं.

मग एक दिवस काकू ओल्या जमिनीवर घसरल्या आणि त्यांचं मनगट मुरगळलं. हाताला पट्टी आली. बाबांनी लगेच पदर खोचावा तसं धोतर खोचलं. "तू फक्त दाणे भिजव आणि पसर," ते म्हणाले. "ट्रे धुणं, उचलणं, शहाणीला घालणं, सगळं मी बघतो." काकूंना खूप बरं वाटलं. सुनेच्या मदतीला सासरा इतक्या हौसेने धावून जाताना मी तरी दुसरा पाहिला नाही.

बाबांनी आम्हाला घासूनपुसून लख्ख केलं. आणि मग एका दुपारी, खोलीत दुसरं कुणी नसताना, त्यांनी खिशातून मेणबत्तीचे तुकडे काढले. डब्यात वितळवले. सगळ्यांत खालच्या रॅकवरचे ट्रे त्यांनी एकेक करून घेतले, त्यात मीही होतो, आणि आमच्या भोकाभोकात गरम मेण सोडलं. मेण पांढरं, मी पांढरा. गार झाल्यावर कुणाला ओळखू येऊ नये असं काम झालं. काकूंना वाकायला नको म्हणून खालच्या ट्रेंवर दाणेही बाबांनीच पसरले, आणि फवारे सुरू झाल्यावर ते स्टुलावर बसले, कान देऊन राहिले. वरच्या ट्रेंचं पाणीही आमच्यातच साचलं, खालून टप् झालं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांना वाटलं, घराचं पाणी आपण वाचवलं.

आणि खरं सांगू? मलाही आनंद झाला. माझ्यात पहिल्यांदाच पाणी राहिलं. ते इकडून तिकडे डुचमळलं. मला ती तोरेवाली बादली आठवली. म्हटलं, ये बाई, बघ आता! पहिले दोन दिवस तर माझ्यावरची पाती वरच्या रॅकपेक्षा उंच झाली, आणि बाबा येता-जाता त्यांच्यावरून हात फिरवायचे.

तिसऱ्या दिवशी मुळांच्या गुदगुल्या थांबल्या. ती नेहमीसारखी सरपटेनात, नुसती पडून राहिली. मग ती तपकिरी झाली, मग बुळबुळीत. दाण्यांवर पांढरी लव आली. काहीतरी बिनसलंय हे मला कळत होतं, माझा जीव कासावीस होत होता, पण ट्रेला तोंड कुठे असतं? बाबांना ती लव म्हणजे बारीक मुळंच वाटली. आंबूस वास सुटला होता, पण त्यांचं नाक केव्हाच निवृत्त झालेलं. आणि काकू पट्टीतला हात सांभाळत वरच्या रॅकवर दाणे पसरून जायच्या, खाली वाकायच्या नाहीत. बाबांनी तो चारा मोठ्या कौतुकाने गुंडाळला आणि पलीकडे नेला.

भिंतीपलीकडे हुंगल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. शहाणीला शंका आली होती. पण दिवस भरत आलेली गाय, भूक दांडगी, आणि बाहेर दुसरं काही हिरवं नाही. शेवटी करकर सुरू झाली. या वेळी हुंकार आला नाही.

दुसऱ्या दिवशी पलीकडे धावपळ सुरू झाली. शहाणीचं पोट फुगलं होतं आणि ती काही तोंडात घेत नव्हती. जनावरांचे डॉक्टर आले. औषध पाजून झाल्यावर ते हिरव्या खोलीत आले, खाली वाकले आणि माझ्या अंगाचा वास घेऊन त्यांनी तोंड फिरवलं.

"ताई, हे आंबलंय. बुरशी धरलीय. हे आधी बंद करा."

"पण डॉक्टर, दाणे तेच, पाणी तेच. वरचे रॅक बघा ना, ते चांगले आहेत."

"असतील. पण ती गाभण आहे. कारण कळेपर्यंत यातलं काही तिला घालू नका. मी तरी घातलं नसतं."

काकूंनी वरचा चांगला चाराही काढून टाकला. काढताना त्यांचे डोळे भरून आले होते. बाबा दारात उभे होते.

औषधाने शहाणीचं पोट उतरलं. पण ती हिरवं म्हटलं की तोंड फिरवायला लागली. मूठभर सुकी वैरण तेवढी चघळायची. त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. काका म्हणजे काकूंचे यजमान. ते ट्रक चालवायचे आणि महिन्यातून कधीतरी घरी यायचे. काकू हिरव्या खोलीत येऊन फोनचा स्पीकर लावून बोलल्या, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"आठवड्याभरात मी आपल्या घरावरून रिकामी गाडी घेऊन जातोय," काका म्हणाले. "शहाणीला माझ्या बहिणीकडे सोडतो. तिकडे गवत आहे."

"अहो, अशा अवस्थेत? एवढा लांबचा रस्ता? तिच्या आईचं काय झालं ते विसरलात?"

"विसरलो नाही. गाडी मीच चालवत होतो." काका म्हणाले. "पण मग खायला काय घालणार आहेस तिला? जाळी?"

काकूंनी फोन ठेवला. माझ्या काठावर हात ठेवून त्या तशाच बसून राहिल्या.

सकाळी त्यांनी हाताची पट्टी सोडली आणि शोध सुरू केला. दाण्यांच्या पोत्यात हात घालून वास घेतला. टाकीतलं पाणी चाखून बघितलं. फवारे तपासले, रॅकचा उतार तपासला. सगळं ठीक. "मग खालच्याच रॅकला काय धाड भरली?" असं म्हणत त्यांनी मला उचललं, अंगणात नेऊन घासलं, आणि धुऊन झाल्यावर नेहमीच्या सवयीने उन्हासमोर धरलं. त्या कारखान्यातल्या बाईंसारखीच काकूंचीही ही सवय. एरवी त्यांचा चेहरा उन्हाच्या ठिपक्यांनी भरून जायचा. त्या दिवशी एकही ठिपका पडला नाही. नुसती सावली.

काकूंनी नखाने तळ खरवडला. नखात मेण आलं. त्यांनी दुसरा ट्रे बघितला, तिसरा बघितला. मग त्या बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबा, हे मेण..."

"मीच भरलं," बाबा म्हणाले. "पाणी असं जाताना बघवत नाही गं मला. आयुष्यभर बघवलं नाही. म्हटलं, तेवढंच वाचेल." मग त्यांनी गोठ्याच्या दिशेने बघितलं. "मी माझ्या हाताने तिला ते घातलं, पोरी. तीनदा हुंगलं तिने. मी म्हटलं, खा."

काकूंना राग आला होता. तो त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता. पण त्यांनी मला बाबांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "यांची भोकं मोकळी करा. गाडी यायला अजून आठवडा आहे. चाऱ्यालाही आठवडाच लागतो."

बाबांनी दाभण तापवलं. ज्या हातांनी मेण भरलं त्याच हातांनी एकेक भोक उघडलं, आणि प्रत्येक ट्रे स्वतः उन्हाकडे धरून बघितला. माझ्या ठिपक्यांनी त्यांच्या सुरकुत्या उजळल्या तेव्हा मला माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. बादलीने पाणी धरायचं असतं. मी ते द्यायचं आणि सोडायचं असतं. मी सोडलं नाही तर माझ्या अंगावरचं सगळं गुदमरतं.

नवे दाणे पसरले. फवारे सुरू झाले. टप्. बाबांच्या तोंडून सवयीने "गेलं" निघालं आणि त्यांनी जीभ चावली. काकू म्हणाल्या, "बाबा, गेलं गेलं म्हणता, पण कुठे गेलं ते कधी बघितलंत का?"

बाबा स्टुलावरून उठले. ते मोरीपर्यंत गेले, मग बाहेर गेले. विटांच्या भिंतीबाहेर मोरीचं पाणी वाळूत जिरत होतं. बराच वेळ ते दिसले नाहीत. परतले ते खांद्यावर जुने पाइप घेऊनच. त्यांनी पाइप उभे चिरले, रॅकखाली थोडे तिरके बांधले, आणि त्यांची तोंडं दाराबाहेर, सावलीतल्या एका पिंपात सोडली. पिंपातलं पाणी कुंपणालगतच्या शेवग्याच्या झाडांना घालायचं असं ठरलं. हे सगळं करताना त्यांचे गुडघे दुखले असणार, पण त्या दिवशी त्यांनी पाण्याला बोल लावला नाही.

तो आठवडा कसा गेला ते काय सांगू! सकाळी काकू वाकून बघायच्या, दुपारी बाबा वाकून बघायचे. मुळांनी पुन्हा मला गुदगुल्या केल्या तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं, की येताहेत, येताहेत! पण हवा तापलेली होती आणि पाती सावकाश वर येत होती. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

चारा पुरता उंच होण्याआधीच एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. काका आले होते.

भिंतीपलीकडे ट्रकचं मागचं फाळकं पडल्याचा आवाज झाला. काकूंनी वरच्या ट्रेमधला मूठभर चारा तोडला आणि धावत पलीकडे गेल्या. आम्ही कान देऊन होतो. करकर ऐकू आली नाही.

"नाही घेत," काकूंचा आवाज आला. "वासही घेत नाही."

"अगं, मग चढवू दे मला. ऊन वाढण्याआधी निघालं तर तिलाच सोपं जाईल," काका म्हणाले. ते हळू बोलत होते.

तेवढ्यात बाबा खोलीत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चारा गुंडाळला नाही, तोडला नाही. त्यांनी मला चाऱ्यासकट उचललं आणि छातीशी धरून दाराबाहेर आले. मित्रांनो, इतका काळ ज्या भिंतीपलीकडचं बघायला मी तळमळत होतो तिथे मी निघालो होतो, आणि तेही अशा वेळी!

गोठ्यात मी तिला पाहिलं. केवढी मोठी होती ती! तांबूस अंग, कपाळावर पांढरा डाग, पोट दोन्हीकडून भरलेलं, आणि डोळे असे की बघणाऱ्याने आपण काही चुकलो का ते आठवावं. बाबांनी मला तिच्यापुढे ठेवलं. तिने मान फिरवली.

बाबा तिच्यापुढे उकिडवे बसले. त्यांनी माझ्या अंगावरची चार पाती तोडली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. तोंडात दात मोजकेच, तरी ते नेटाने चावत राहिले.

"अहो बाबा, हे काय!" काका म्हणाले.

"गप्प रहा. मी तिला मागच्या वेळी न बघता घातलं. आता आधी मी खाणार." ते शहाणीकडे वळले. "बघ बाई. गोड आहे. खोटं सांगत नाही."

शहाणी त्यांच्या हलणाऱ्या दाढीकडे बघत राहिली. मग तिने मान खाली घातली. तिचा गरम श्वास माझ्या काठावर आला. एकदा हुंगलं. थांबली. दुसऱ्यांदा हुंगलं. काकूंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. तिसऱ्यांदा हुंगलं, आणि मग तिने असा काही लचका तोडला की चारा तर गेलाच, माझा एक कोपराही कडकन तुटला. काकांनी झटकन पुढे होऊन तिच्या तोंडातून प्लॅस्टिकचा तुकडा काढला. "अगं, ट्रे नको खाऊस!" म्हणताना ते हसत होते आणि डोळे पुसत होते. करकर, करकर, करकर. माझ्या अंगावरून, माझ्या डोळ्यांदेखत. मी पडलो भोकाचं भांडं, पण त्या सकाळी सगळ्यांचा जीव माझ्यातच पडला. शेवटी तो हुंकार आला, आणि इतक्या जवळून की मी जागचा सरकलो.

काकांनी जाऊन ट्रकचं फाळकं वर केलं. "या खेपेला रिकामाच जातो," ते म्हणाले. काकूंनी त्यांना निघताना डबा दिला आणि ते वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिल्या.

शहाणीला कालवड झाली. मग चांगले दिवस आले. कुठून कुठून लोक हिरवी खोली बघायला यायचे आणि माती नसताना उगवलेला चारा पाहून तोंडात बोट घालायचे. काकू त्यांना सगळं दाखवायच्या, आणि बाबा त्यांना प्रत्येक ट्रे उन्हाकडे धरायला लावायचे. माझ्या तुटक्या कोपऱ्याची गोष्ट तर त्यांनी इतक्यांना सांगितली की मी प्रसिद्ध झालो.

पण प्लॅस्टिकलाही वय असतं, मित्रांनो. ऊनपाण्याने मी ठिसूळ झालो. तळाला चीर गेली. नवे निळे ट्रे आले आणि मला पाण्याच्या टाकीमागे टाकलं गेलं. तिथे माझ्यावर धूळ साचली. एका कोळ्याने माझ्या तुटक्या कोपऱ्यात जाळं विणलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? भिंतीपलीकडे करकर चालूच होती, पण ती माझ्या चाऱ्याची नव्हती. तरी मी ऐकत राहायचो. आता दोन तोंडांचा आवाज यायचा, आणि त्यातलं शहाणीचं कुठलं ते मी ओळखायचो.

एक दिवस बाबा टाकीमागे आले. ते आता काठी टेकत चालायचे. पिंपात पाला पडतो, एकदा खारही पडली होती, म्हणून ते झाकण शोधत होते. पण अख्खं झाकण ठेवलं तर पाइपातलं पाणी पिंपात पडणार कसं? त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी कोळ्याला काठीच्या टोकावर घेऊन हळूच भिंतीवर सोडलं, मला धुतलं, उन्हाकडे धरलं, आणि पिंपाच्या तोंडावर ठेवलं. अगदी बेतल्यासारखा बसलो.

तेव्हापासून मी इथेच आहे. सगळ्या नव्या ट्रेंमधून गळलेलं पाणी पाइपांतून माझ्यावर येतं, पाला माझ्यापाशी थांबतो आणि पाणी माझ्या भोकांतून खाली उतरतं. शहाणीची कालवड आता मोठी झाली आहे, येता-जाता मला चाटून जाते.

तुम्हाला एवढंच सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं भांडं असेल, जे काही धरून ठेवत नाही म्हणून तुम्ही त्याला नावं ठेवत असाल. ते बुजवण्याआधी एकदा विचारा की ते कशासाठी आहे. आम्हाला धुऊन ठेवत जा, उन्हात टाकून देऊ नका, आणि धुतल्यावर उजेडाकडे धरून बघत जा. तेवढ्याने आम्ही खूप वर्षं टिकतो.

दुपार झाली की बाबा अजूनही स्टूल घेऊन येतात, फक्त आता ते माझ्याजवळ, पिंपापाशी बसतात. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून ते पिंपाला कान लावतात. माझ्या तळातून एक थेंब सुटतो.

टप्.

बाबा डोळे मिटून म्हणतात, "आलं."